हुकलेली बढती आणि सुरू झालेली मुदत

सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता होते. 1988 मध्ये ते त्या पदावर आले आणि पाच वर्षांनी, 1993 मध्ये, अधीक्षक अभियंता होण्यास पात्र ठरले. डिसेंबर 1994 मध्ये विभागीय पदोन्नती समितीची बैठक झाली. निवडलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नियम असा होता की मागच्या पाचही वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'अति उत्तम' हा शेरा हवा. त्यांच्या पाचपैकी चार अहवालांत तो होता. 1993-94 च्या अहवालात मात्र 'चांगला' असं लिहिलेलं होतं. हा शेरा त्यांना कोणी कळवलाच नाही, कारण कळवायचे ते प्रतिकूल शेरे, आणि 'चांगला' हा शब्द कोणत्याही साहेबाला प्रतिकूल वाटला नव्हता.

गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. 12 मे 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. एखादा शेरा शब्दानं चांगला असला तरी त्यामुळे बढती जात असेल तर तो त्या माणसासाठी प्रतिकूलच आहे, आणि म्हणून प्रत्येक शेरा, मग तो कसाही असो, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. शेरा कळवा, त्यांचं म्हणणं ऐका, शेरा सुधारला तर मागच्या तारखेपासून बढतीचा विचार करा आणि बढती मिळाली तर वाढीव निवृत्तिवेतन व थकबाकी 8 टक्के व्याजानं द्या, असा आदेश झाला. समितीच्या बैठकीला तेव्हा 13 वर्षं उलटली होती.

बढती हुकल्यावर काय करायचं, या प्रश्नाकडे मी या खटल्यातून पाहतो. त्या यादीमागचं कारण एका शब्दाचं होतं आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच ते माहीत नव्हतं. बढती गेली की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती राजीनाम्याची, कोर्टात जाण्याची किंवा गप्प बसण्याची. हे तिन्ही निर्णय नंतरचे आहेत. नकार नेमका कशामुळे आला हे आधी कळलं पाहिजे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: नोकरी सोडण्याचा निर्णय महिनाभर लांबवला तर सहसा काही बिघडत नाही, पण दाद मागण्याची मुदत यादी लागली त्या दिवसापासून सुरू झालेली असते. बहुतेक माणसं याच्या उलट वागतात. राजीनामा रागाच्या भरात त्याच आठवड्यात देतात आणि अर्ज-अपिलाचा विचार वर्षभरानं करतात.

आधी रागाबद्दल, कारण तो खरा असतो आणि त्याला कारणही असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या संशोधन विभागानं सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सैनिकांची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत फार क्वचित. तरीही बढतीच्या संधींबद्दल जास्त नाराज होते ते हवाई दलातले सैनिक. भोवताली सगळ्यांना बढती मिळताना दिसली की आपल्यालाही मिळणार अशी अपेक्षा तयार होते, आणि ती मोडली की नुसत्या न मिळण्याहून जास्त लागतं. आपल्याकडच्या कार्यालयांत हेच रोज घडतं. 'आता नंबर तुमचाच' असं वर्षभर सगळे म्हणत असतात, घरी सांगून झालेलं असतं, सासरी-माहेरी फोन गेलेले असतात, गृहकर्जाचा हिशेब नव्या पगारावर मांडलेला असतो. आणि यादी लागते तेव्हा नाव असतं दोन वर्षांनी मागून आलेल्याचं.

हा घाव किती दिवस राहतो? टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्राध्यापकांवर मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही वर्षांच्या सेवेनंतर कायम करायचं की नाही हे ठरतं, आणि नकार मिळाला तर विद्यापीठ सोडावं लागतं. म्हणजे आपल्या हुकलेल्या बढतीपेक्षा ती गोष्ट पुष्कळ कठोर. ज्यांचा निर्णय अजून व्हायचा होता त्यांना वाटत होतं की नकार मिळाला तर पुढची काही वर्षं आपण फार दुःखी राहू. ज्यांचे निर्णय होऊन गेले होते त्यांना विचारल्यावर दिसलं की नकार मिळालेले आणि होकार मिळालेले यांच्या समाधानात अपेक्षेइतकं अंतर नव्हतंच. आपला सल घालवण्याची मनाची ताकद आपण कमी धरतो. पहिल्या पंधरवड्यात 'इथे आता एक दिवसही काढणं शक्य नाही' असं जे वाटतं ते त्या क्षणी प्रामाणिक असतं. पण पुढच्या पाच वर्षांचा निर्णय त्यावर सोपवू नये.

आता नकाराच्या कारणांकडे वळू. सरकारी किंवा निमसरकारी सेवेत पहिलं कारण असतं जागा नसण्याचं. वरचं पद रिक्त नाही, किंवा रिक्त आहे पण भरण्यास मान्यता नाही, किंवा प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. महाराष्ट्रात पदोन्नतीतल्या आरक्षणाचा 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं 2017 मध्ये रद्द ठरवला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पुढची अनेक वर्षं बढत्यांचे प्रस्ताव त्यात गुंतले. अशा वेळी ज्यांचं नाव मागे पडतं त्यांच्या गुणवत्तेबद्दल कोणीही काहीही म्हटलेलं नसतं. हे स्वतःला निक्षून सांगावं लागतं, कारण मन ते ऐकत नाही.

दुसरं कारण कागदांचं. विभागीय परीक्षा मुदतीत उत्तीर्ण नाही, जात वैधता प्रमाणपत्र दाखल नाही, मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र दिलेलं नाही, एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेलेला नाही. बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या साहेबानं अहवाल न लिहिता जाणं ही आपल्या कार्यालयांतली जुनी तक्रार आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो खालचा माणूस. तिसरं कारण चौकशीचं. विभागीय चौकशी चालू असेल तर समिती आपला निर्णय मोहोरबंद पाकिटात ठेवते आणि चौकशीचा निकाल लागल्यावर ते उघडतं. पण 1991 च्या के. व्ही. जानकीरामन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की दोषारोपपत्र बजावल्यानंतरच पाकिटाची ही पद्धत लागू होते. 'तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे', 'प्राथमिक चौकशी चालू आहे' एवढ्यावर बढती अडवून धरता येत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येक जण मान खाली घालून गप्प बसतात.

चौथं कारण अहवालातल्या प्रतवारीचं, देव दत्त यांच्यासारखं. त्या निकालानंतर केंद्र सरकारनं 2009 मध्ये पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आणि त्यावर 15 दिवसांत अभिवेदन स्वीकारण्याचा आदेश काढला. महाराष्ट्रातही कार्यमूल्यमापन अहवालाची प्रत मिळण्याची आणि प्रतवारीवर अभिवेदन देण्याची सोय आहे. पण ही प्रत हाती आली की बहुतेक जण ती न वाचताच कपाटात ठेवतात. 'ब' मिळाला, असू दे, साहेबांशी कशाला वाकडं घ्या, असं म्हणतात. तीन वर्षांनी तो 'ब' समितीपुढे येतो आणि तोपर्यंत अभिवेदनाची वेळ कधीच संपलेली असते.

कारण तोंडी कळत नसेल तर लेखी विचारावं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आपल्याबद्दलचा निष्कर्ष, रिक्त पदांची संख्या, ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) हे मागावं. ज्याला बढती मिळाली त्याचे गोपनीय अहवाल मागितले तर नकार येण्याची शक्यता जास्त. कर्मचाऱ्याची अशी सेवाविषयक माहिती वैयक्तिक असते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल आहे. आणि खरं तर दुसऱ्याच्या अहवालापेक्षा स्वतःच्या अहवालात शोधण्यासारखं बरंच काही असतं.

कायद्यानं आपल्याला काय मिळू शकतं, याबद्दल गैरसमज फार आहेत. बढती मिळणं हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. बढतीसाठी विचार होणं हा मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 खालचा हक्क आहे. त्यामुळे जिंकलेल्या खटल्यातही न्यायालय 'याला बढती द्या' असा आदेश क्वचितच देतं. 'याचा पुन्हा, नियमानुसार विचार करा' असा आदेश देतं. पुनर्विचारात पात्र ठरलात तर मानीव दिनांक मिळतो, म्हणजे ज्या दिवशी कनिष्ठाला बढती मिळाली त्या दिवसापासून तुम्ही त्या पदावर होता असं धरलं जातं. ज्येष्ठता आणि पुढची बढती त्यावर अवलंबून असल्यामुळे मानीव दिनांकाची किंमत मोठी आहे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यानं जायचं ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, ज्याला सगळे 'मॅट' म्हणतात. 1991 पासून ते मुंबई, नागपूर आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर इथे चालतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 'कॅट', म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. दोन्हींना प्रशासकीय न्यायाधिकरणांचा 1985 चाच कायदा लागू आहे. त्यानुसार आधी खात्यात अभिवेदन करायचं. अंतिम आदेश आला तर त्या तारखेपासून एक वर्षात न्यायाधिकरणात जायचं. सहा महिने उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रं पाठवत राहिल्यानं ही मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलं आहे. 'मी दर दिवाळीला एक पत्र देतोय' असं सांगणारे लोक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या पहिल्या पत्रानंतरच त्यांचा हक्क संपत चाललेला असतो.

खाजगी शाळांतल्या शिक्षकांची मुदत तर याहून आखूड आहे. महाराष्ट्रात 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे. संस्थेनं ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक केलं तर त्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. अपिलासाठी या कलमात 30 दिवस दिले आहेत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. या 30 दिवसांत काय होतं ते गावोगावी सारखंच असतं. संस्थेचे पदाधिकारी ओळखीचे असतात, कोणी नातेवाईकही निघतो. 'सर, पुढच्या वर्षी तुमचंच बघू' असा निरोप येतो, आणि ज्येष्ठ शिक्षक भिडेखातर थांबतात. संस्थाचालकांना भेटायचं तर जरूर भेटावं. पण दरम्यान वकिलाला कागद दाखवून ठेवावेत. मुदतीत अपील दाखल केल्यावरही तडजोडीची दारं उघडी राहतात. मुदत गेल्यावर तडजोड करण्याची गरज समोरच्याला उरत नाही.

दावा लावण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्या सहकाऱ्याला तुमच्याऐवजी बढती मिळाली, त्याला सहसा प्रतिवादी करावं लागतं, कारण निकालाचा फटका त्याला बसणार असतो. पंधरा वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याच्या नावानं नोटीस जाते. तरीही अन्याय स्पष्ट असेल तर दाद मागावी असं माझं मत आहे, कारण चुकीची ज्येष्ठता एकदा पक्की झाली की ती निवृत्तीपर्यंत प्रत्येक यादीत आडवी येते. अन्याय स्पष्ट नसेल, समितीनं नियमानं विचार करून दुसऱ्याला निवडलं असेल, तर न्यायालय समितीच्या जागी बसून गुणांची फेरतपासणी करत नाही. मग तो पैसा आणि ती वर्षं वाया जातात.

खाजगी कंपन्यांचं जग वेगळं आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी किंवा वित्त कंपनीत व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला ज्येष्ठता यादी नसते आणि मॅटही नसतं. तिथे निर्णय होतो अशा एका बैठकीत जिथे तुम्ही हजर नसता. वेगवेगळ्या टीमचे मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडतात, जागा आणि बजेट मर्यादित असतं, आणि कोणाचा मॅनेजर किती ठामपणे बोलला यावर बरंच ठरतं. म्हणून 'माझं काय चुकलं' हा प्रश्न अपुरा पडतो. निर्णय कोणी घेतला, माझ्याबद्दल त्या बैठकीत कोणता आक्षेप निघाला, या वेळी जागा किती होत्या, पुढच्या वेळी माझ्याकडून नेमकं काय दिसायला हवं, हे विचारावं. भेट झाल्यावर त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' अशी छोटी ईमेल पाठवावी. 'पुढच्या सायकलला नक्की' या वाक्याला तारीख नाही, निकष नाही आणि ते बोलणारा मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असू शकतो.

स्त्रियांनी या बैठकीबद्दल जास्त खोदून विचारावं, असं मी मुद्दाम सांगतो. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या सुमारे 30 हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. कामगिरीचे गुण स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त होते. पण पुढच्या पदावर काय करू शकतील, या 'क्षमते'च्या रकान्यात मात्र त्यांना कमी गुण मिळत होते, आणि बढतीवर त्या रकान्याचा मोठा परिणाम होत होता. केलेलं काम आकड्यांत मोजता येतं, क्षमता मात्र साहेबाच्या अंदाजावर जाते. 'तुमचं काम उत्तम आहे, पण अजून थोडं...' असं वाक्य ऐकू आलं तर तो 'पण' कोणत्या रकान्यातला आहे ते विचारलंच पाहिजे.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं की संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणं आणि आवाज उठवणं. निष्ठा असेल तर माणूस बाहेर पडण्याआधी आवाज उठवून पाहतो. मला त्यांच्या मांडणीतला दुवा महत्त्वाचा वाटतो तो असा, की बाहेर जाण्याची शक्यता खरी असेल तर आवाजाला वजन येतं. म्हणून बायोडेटा अद्ययावत करणं, दोन मुलाखती देऊन बाजारात आपली किंमत काय हे पाहणं यात गद्दारी काही नाही. त्यातून कदाचित कळेल की बाहेर हेच पद सहज मिळतंय. कदाचित कळेल की आपल्या कौशल्यात खरंच एक उणीव आहे, जी मॅनेजरनं संकोचापोटी सांगितली नव्हती.

सोडायचं ठरलं तर हिशेब मांडून सोडावं. नियमित नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षं लागतात. दर वर्षामागे साधारण 15 दिवसांचं मूळ वेतन व महागाई भत्ता या हिशेबानं ती रक्कम होते. साडेचार वर्षांवर रागानं राजीनामा देणाऱ्याला हे नंतर आठवतं. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावी. एकूण सेवा 5 वर्षांहून कमी असताना काढली तर कर लागतो. नव्या कंपनीचं पत्र हाती येण्याआधी राजीनामा टाकू नये. आणि राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी अचानक तेच पद देऊ करत असेल, तर ते पद त्यांच्याकडे कालपर्यंत का नव्हतं हा प्रश्न स्वतःला विचारावा.

एक प्रश्न मात्र फार थोडे जण स्वतःला विचारतात: मला ते पद हवं होतं, की ते मिळालं नाही याचा त्रास होतोय? लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 मध्ये मांडलं की माणूस ज्या पातळीवर अकार्यक्षम ठरेल तिथवर त्याला बढती मिळत जाते. तेव्हा ते थोडं गमतीत घेतलं गेलं. वर उल्लेखलेल्या बेन्सन, ली आणि शू यांनीच 2019 मध्ये 131 कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवलं की त्यात तथ्य आहे. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक केलं जात होतं, आणि व्यवस्थापक म्हणून ते तितके चांगले ठरत नव्हते. उत्तम शिकवणाऱ्या प्रत्येकाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीतली अनुदानाची, बांधकामाची, शालेय पोषण आहाराच्या हिशेबाची कामं आवडतीलच असं नाही. बँकेत किंवा महसूल खात्यात बढती म्हणजे बहुतेकदा बदली. मुलगी दहावीला, घरी आजारी आई, आणि नेमणूक गडचिरोलीला किंवा ईशान्य भारतात, असा पेच शेकडो घरांत येतो.

केवळ पगाराचा प्रश्न असेल तर राज्य सेवेत सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयानुसार 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर, पद न मिळताही, वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळतो. तो आपोआप मिळेल असं धरून चालू नये, आस्थापना शाखेत प्रस्ताव गेला आहे का ते पाहावं. आणि मिळालेली बढती नाकारायचा विचार असेल तर आधी नियम वाचावा, कारण नकारामुळे या योजनेचा लाभही जाऊ शकतो.

दर वर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते आणि हरकतींसाठी थोडे दिवस दिले जातात. बढतीची वेळ अजून दूर असेल तरीही या वेळी ती यादी स्वतः वाचा. जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि आपला क्रमांक तपासा. मागच्या पाच वर्षांच्या अहवालांच्या प्रती आजच आस्थापना शाखेकडे लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.